सुट्या फायली आणि बांधलेला रुमाल

संगणकातली माहिती सुरक्षित आहे ना, असे कुणालाही विचारा. "बॅकअप घेतो ना आम्ही रोज," असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. पेण आणि रोहा या दोन गावांत मी संगणकांच्या देखभालीचे काम करतो. हे उत्तर मीही बरीच वर्षे मोठ्या विश्वासाने देत होतो. २०२० सालच्या जून महिन्यात ते माझ्याच अंगाशी आले. त्या अनुभवातून शिकलेली गोष्ट आज सांगायची आहे. बॅकअप घेताना आपण माहिती किती मोठी आहे ते पाहतो. ती किती तुकड्यांत विखुरली आहे, हे मात्र पाहत नाही. आणि घात होतो तो तिथेच.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते सांगतो. कार्यालयातले सगळे संगणक आपले कागद ज्या एका संगणकावर ठेवतात, तो सर्व्हर. जुन्या भाषेत त्याला दप्तरखाना म्हणता येईल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लहान गावातल्या कार्यालयात अशा संगणकावर हिशेबाच्या चार-दोन मोठ्या फायली असत. पुढे स्कॅनर स्वस्त झाले आणि चित्र पालटले. आता पतसंस्थेत प्रत्येक पावती स्कॅन होते. पुढच्या बाजूची एक फाइल, मागच्या बाजूची दुसरी. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत मालाची चाचणी झाली की तपासणीचे यंत्र दर वेळी नवी फाइल तयार करते. लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे एकेका लग्नाच्या दोन-तीन हजार फायली साठतात. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा प्रत्येक रिपोर्ट ही एक फाइल. २०१८ पासून आपल्या राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, म्हणजे शेतकऱ्याचा कागदही शेवटी कुठल्यातरी सर्व्हरवरच आहे. फायली लाखांवर न्यायच्या असे कुणी ठरवत नाही. रोज हजार-बाराशे पडत गेल्या की दहा वर्षांत त्या आपोआप तिथे जातात.

रोह्याच्या एका पतसंस्थेचे असेच झाले. २००८ मध्ये तिथे पावत्या स्कॅन करायला सुरुवात झाली. बॅकअपची व्यवस्था मी लावून दिली. रात्री नऊ वाजता एक प्रोग्रॅम आपोआप सुरू होई. तो सर्व्हरवरच्या एकेका फोल्डरमध्ये जाऊन प्रत्येक फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवरच्या प्रतीशी ताडून पाही. नवी किंवा बदललेली फाइल दिसली की तिची प्रत करी. सकाळी कर्मचारी येण्याआधी काम आटोपावे, म्हणून सात वाजता तो थांबवायचा, असेही मी बसवले होते. दहा तास म्हणजे भरपूर वेळ. सुरुवातीला तो पंधरा मिनिटांत संपत असे.

वर्षे गेली. डिस्क भरली की मी मोठी डिस्क लावून देई. व्यवस्थापकांना सांगून ठेवले होते की रात्री डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकला पाहिजे. दिवा लुकलुकत होता. रोज रात्री, इमानाने.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडपासून आत रोह्या-माणगावपर्यंत घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले. कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. त्या पतसंस्थेच्या कचेरीवरचे पत्रे गेले. सर्व्हर होता त्याच खोलीत पावसाचे पाणी रात्रभर पडत राहिले. मागच्या रॅकवर पावत्यांचे गठ्ठे होते, त्यांचाही लगदा झाला. बॅकअपची डिस्क व्यवस्थापकांनी वादळाची सूचना मिळताच पिशवीत घालून घरी नेली होती, म्हणून ती वाचली. रस्ते मोकळे झाल्यावर ती त्यांनी मला पेणला आणून दिली. "साहेब, सगळं ह्याच्यात आहे," असे म्हणून त्यांनी ती माझ्या हातात ठेवली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याची भावना होती.

डिस्क उघडली. हिशेबाची मुख्य फाइल ठीक होती. ती पहिल्याच फोल्डरमध्ये होती. २००८ पासूनच्या पावत्याही होत्या. पण फोल्डर उघडत उघडत मी २०१८ च्या शेवटाशी आलो आणि पुढे काहीच नव्हते. दीड वर्षाच्या पावत्या, सुमारे सहा लाख फायली, त्या डिस्कवर कधी आल्याच नव्हत्या. सर्व्हरच्या डिस्का मुंबईला पाठवल्या. थोडे मिळाले, बरेचसे गेले. आकडे वाचले, पण त्या आकड्यांचे पुरावे गेले.

चूक माझी होती. ती कशी झाली, ते हिशेबाने पाहू. एक फाइल बदलली आहे की नाही हे तपासायला त्या यंत्राला सरासरी सेकंदाचा शंभरावा भाग लागत होता. हा वेळ अगदीच क्षुल्लक वाटतो. पण दहा तासांत ३६,००० सेकंद असतात. सेकंदाला शंभर या वेगाने दहा तासांत ३६ लाख फायली तपासून होतात. २०१८ च्या अखेरीस त्या संस्थेच्या फायलींनी ३६ लाखांचा आकडा ओलांडला. प्रोग्रॅम रोज रात्री पहिल्या फोल्डरपासून सुरुवात करी आणि वर्षांच्या क्रमाने पुढे जाई. सकाळी सात वाजता तो थांबवला जाई, तेव्हा तो २०१८ च्या टोकाशी पोचलेला असे. दुसऱ्या रात्री पुन्हा २००८ पासून सुरुवात. म्हणजे जुन्या, कधीही न बदलणाऱ्या ३६ लाख पावत्यांना तो रोज रात्री "तू बदललीस का?" असे विचारत होता आणि त्या दिवशीच्या नव्या पावतीपर्यंत त्याला कधीच पोचता येत नव्हते. काम अर्धवट थांबले, ही नोंद प्रोग्रॅमने रोज लिहून ठेवली होती. ती नोंद वाचायचे काम कुणालाच नेमून दिले नव्हते. आम्ही दिवा पाहत होतो.

एका फाइलला इतका वेळ का लागतो, हे समजून घेण्यासारखे आहे. चकतीच्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते, नेहमीच्या डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० वेळा. तिच्यावर वाचणारी सुई मागेपुढे सरकते. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत दर वेळी सेकंदाचा साधारण ऐंशीवा भाग जातो. माणसाच्या हिशेबाने तो क्षणही नाही, पण संगणकाच्या हिशेबाने ती फार मोठी प्रतीक्षा आहे. त्यात फाइल म्हणजे नुसता मजकूर नसतो. फोल्डरच्या यादीत तिचे नाव असते. तिची तारीख, आकार, मालक आणि मजकुराची जागा यांची नोंद दुसरीकडे असते. लिनक्सच्या जगात त्या नोंदीला आयनोड म्हणतात. आणि मजकूर तिसऱ्या ठिकाणी असतो. फाइल नुसती तपासायची तर नावाची यादी आणि ही नोंद पाहून भागते, आणि अशा पुष्कळ नोंदी शेजारी शेजारी असल्याने काही फेऱ्या वाचतात. पण फाइलची प्रत करायची तर दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या.

आता दोन हिशेब शेजारी ठेवून पाहा. ४० लाख फायली, प्रत्येकी ६० किलोबाइटची, मिळून २४० गिगाबाइट झाल्या. हीच २४० गिगाबाइट माहिती एका सलग फाइलमध्ये असेल, तर सेकंदाला १२० मेगाबाइट या वेगाने ती ३३ मिनिटांत वाचून होते. कारण सुई एकदा जागेवर बसली की सरळ वाचत जाते. तीच माहिती ४० लाख तुकड्यांत असेल आणि दर तुकड्याला दोन फेऱ्या लागत असतील, तर एका तुकड्याचे सेकंदाचे चाळीस भागातला एक भाग असे धरून १ लाख सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ २८ तास. माहिती तेवढीच, डिस्क तीच. अर्धा तास कुठे आणि सव्वा दिवस कुठे! शंभर किलो तांदळाचे पोते खांद्यावरून नेणे आणि तेच तांदूळ एकेक दाणा करून नेणे, यात जो फरक आहे तोच हा.

आता चकती नसलेल्या, एसएसडी नावाच्या डिस्का आल्या आहेत. त्यांत सुई नाही, त्यामुळे ही प्रतीक्षा फार कमी झाली आहे. तरी प्रश्न सुटलेला नाही. बॅकअपसाठी अजूनही पुष्कळ ठिकाणी स्वस्त चकतीचीच डिस्क असते. विषाणू तपासणारा प्रोग्रॅम प्रत्येक फाइल उघडताना मध्ये थांबवतो. माहिती दुसऱ्या गावी पाठवायची तर प्रत्येक फाइलमागे दोन्ही टोकांचे बोलणे होते. शिवाय लहान फायली जागाही जास्त खातात. डिस्कवरची जागा बहुधा चार किलोबाइटच्या खणांत वाटलेली असते, त्यामुळे एक किलोबाइटची फाइलही अख्खा खण अडवते. लिनक्सच्या नेहमीच्या रचनेत आयनोडची संख्या डिस्क तयार करतानाच ठरून जाते, साधारणपणे दर १६ किलोबाइटला एक. फायली फार लहान असल्या तर जागा शिल्लक असते आणि नोंदवहीची पाने संपतात. डिस्क रिकामी दिसते आणि यंत्र सांगते, जागा नाही. माहीत नसलेला माणूस चक्रावून जातो.

त्या पतसंस्थेची वाचलेली ३६ लाख चित्रे नव्या सर्व्हरवर परत आणायला एक दिवस आणि एक रात्र लागली. तेवढा वेळ मी तिथेच बसून होतो. बाहेर लोक रांगेत उभे होते. त्यांत पासष्टीच्या एक बाई होत्या, कोलाडच्या बाजूच्या. त्यांनी घरासाठी घेतलेले कर्ज २०१९ मध्ये फेडले होते. घरावरचा बोजा उतरवायचा होता, पण हिशेबात शेवटचा हप्ता बाकी दिसत होता. त्याच नावाच्या दुसऱ्या खातेदाराच्या खात्यावर तो जमा झाला असावा, असा व्यवस्थापकांचा अंदाज होता. पावतीचे चित्र पाहिले असते तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. नेमके तेच चित्र नव्हते आणि कागदाचा लगदा झाला होता. मी त्यांना म्हटले, "मावशी, थोडे दिवस लागतील." त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली पावती काढून समोर ठेवली. "दादा, तुमचा कॉम्प्युटर भिजला. माझी पत्र्याची पेटी नाही भिजली," त्या म्हणाल्या. घराची कौले त्यांचीही उडाली होती. पण पावती एका जागी जपून ठेवायची, कोरडी ठेवायची आणि लागली तर सापडली पाहिजे, एवढे त्यांना ठाऊक होते. पेणमध्ये ही गोष्ट कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले, तेव्हापासून जुन्या पावतीची किंमत इथल्या घराघरांत माहीत आहे. पण ज्यांनी पावती जपली नाही, त्यांचे काय? संस्थेने ती जपावी, एवढ्याच भरवशावर ते होते, आणि संस्था माझ्या भरवशावर.

त्या रात्री फायली परत चढत असताना मला जुन्या दप्तरखान्यांची आठवण झाली. पेशवाईच्या काळापासून कागद सुटे ठेवायची पद्धत नव्हती. एका विषयाचे, एका वर्षाचे कागद एकत्र करून चौकोनी कापडात बांधत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर कोट्यवधी कागदांचे आहे, पण ते मोजतात रुमालांत. आग लागली, पूर आला, दप्तर हलवायचे झाले, तर माणूस रुमाल उचलतो. एकेक कागद उचलत बसत नाही. आम्ही संगणकवाल्यांनी कागद स्कॅन केले आणि बांधायचे विसरलो.

म्हणून पहिला उपाय रुमाल बांधण्याचा. महिना संपला आणि त्या महिन्याच्या पावत्यांत आता बदल होणार नाही हे नक्की झाले, की त्या तीस हजार फायली एकत्र करून एकच फाइल करायची. त्यासाठी टार किंवा झिप असे साधे, सगळीकडे चालणारे प्रकार आहेत. सोबत आतल्या फायलींची यादी ठेवायची आणि प्रत्येकीचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा. पुढे एक अक्षर जरी बिघडले तरी ठसा जुळत नाही आणि बिघाड कळतो. बारा वर्षांच्या ४२ लाख फायलींचे असे १४४ रुमाल होतात. रात्री तपासायचे ते १४४ रुमाल आणि चालू महिन्याच्या सुट्या फायली. काम पुन्हा पंधरा मिनिटांवर येते. मात्र रुमाल फार मोठाही बांधू नये. दहा वर्षांचे सगळे एकाच गाठोड्यात घातले आणि तेच बिघडले, तर सगळेच हातचे जाते. महिन्याचा एक, असे माप मला बरे वाटते.

सगळ्याच फायली अशा बांधून ठेवता येत नाहीत. कारखान्यात जुन्या फायलीही अधूनमधून बदलतात. तिथे दुसरा उपाय. दारोदार जाऊन "बदललीस का?" असे विचारण्यापेक्षा बदलांची नोंदवहीच पाहायची. विंडोज २००० पासून एनटीएफएस या रचनेत अशी नोंदवही ठेवण्याची सोय आहे. कुठली फाइल केव्हा बदलली, हे यंत्र स्वतःच तिच्यात लिहीत जाते. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही रचना आणखी पुढे जाते. ती ठराविक वेळी सगळ्या साठ्याची स्थिती जणू गोठवून ठेवते. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. कालचा आणि आजचा स्नॅपशॉट यांच्यात डिस्कचे कोणते खण बदलले, ते तिला माहीतच असते आणि तेवढेच ती दुसरीकडे पाठवते. फायली एक लाख असोत की एक कोटी, काम बदलाच्या प्रमाणात होते. आभासी यंत्रांवर चालणाऱ्या सर्व्हरमध्येही आता अशी सोय असते. प्रोग्रॅम निवडताना एकच प्रश्न विचारावा. काही बदलले नसेल, त्या रात्री याला किती वेळ लागतो? काही न करायलाच चार तास लागत असतील, तर धोका जवळ आला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत आणि प्रतिबिंब यांतला फरक. इथे पेणच्या गणपतीच्या कारखान्यांचे उदाहरण देतो. साच्याचे नाक उडाले, तर त्या साच्यातून निघणाऱ्या सगळ्या मूर्तींचे नाक तसेच निघणार. म्हणून साच्याच्या आधीची मूळ मूर्ती जपावी लागते. काही प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रतिबिंब ठेवतात. इकडची फाइल चुकून पुसली की तिकडचीही पुसली जाते. खंडणी मागणाऱ्या विषाणूने इकडच्या फायलींना कुलूप घातले की तिकडेही कुलूपबंद फायली जातात. म्हणून कालची, गेल्या आठवड्याची आणि गेल्या महिन्याची अशा वेगवेगळ्या पिढ्या ठेवाव्यात आणि एक तरी प्रत तारेने जोडलेली नसावी. जपानमधल्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकाच्या साठ्यातल्या सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, म्हणजे ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली. ती पुसली बॅकअपच्याच प्रोग्रॅममधल्या चुकीने. जुन्या नोंदी साफ करायला गेलेल्या आज्ञेने भलतेच साफ केले. राखणदारावरही नजर हवी, ती यासाठी.

चौथी गोष्ट जागेची. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक सोपा नियम आहे. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक दुसऱ्या ठिकाणी असावी. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात १० मार्च २०२१ रोजी एका मोठ्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांची माहिती आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांचे दोन्ही गेले. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेली आग आपल्याला आठवते. आमच्याकडे आगीपेक्षा पाण्याचे भय जास्त. पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका आणि मध्ये नागोठण्याला अंबा. १९८९ च्या जुलैत अंबेने जांभूळपाडा आणि नागोठण्यात काय केले, ते जुन्या माणसांना विसरता येत नाही. २६ जुलै २००५ तर सगळ्यांच्याच लक्षात आहे.

वादळानंतर आम्ही एक साधी पद्धत सुरू केली. माझ्या पेणच्या ग्राहकांची एक डिस्क रोह्यात आणि रोह्याच्या ग्राहकांची पेणमध्ये. डिस्कवरची माहिती कुलूपबंद असते, म्हणजे ती हरवली तरी दुसऱ्याला वाचता येत नाही. महिन्यातून दोनदा मी पिशवीत डिस्क घालून पेणला गाडीत बसतो. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. तासाभराच्या प्रवासात जेवढी माहिती माझ्या मांडीवर असते, तेवढी इंटरनेटवरून पाठवायची तर कितीतरी वेळ गेला असता. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या लाइनवर २४० गिगाबाइट पाठवायला दोन दिवसांहून जास्त लागतात. पण पेण आणि रोहा एकाच वादळाच्या तावडीत सापडू शकतात, हे निसर्गनेच दाखवून दिले. म्हणून तिसरी प्रत घाटापलीकडे, पुण्यात. तिथे रोजचा बदल तेवढा लाइनवरून जातो आणि महिन्याचा रुमाल एका रात्रीत पोचतो. सुट्या फायली असत्या तर तो पोचता ना.

पाचवी गोष्ट सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत दुर्लक्षित. रुमाल अधूनमधून सोडून पाहावा. गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका तंत्रज्ञाच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती त्यांनी बसवल्या होत्या. वेळ आली तेव्हा त्यातली एकही धड चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली. तरी सहा तासांचे काम गेलेच. त्यांनी ते सगळे जाहीरपणे लिहून लोकांसमोर ठेवले, हा त्यांचा मोठेपणा. माझ्याकडे एकच पद्धत होती आणि मी ती बारा वर्षांत एकदाही पुरती उलटी चालवून पाहिली नव्हती.

"आमची माहिती इतकी मोठी आहे की बॅकअप घेणे शक्यच नाही," असेही काही जण म्हणतात. दक्षिण कोरियाच्या सरकारचे हेच म्हणणे होते. तिथल्या सरकारी नोकरांचे कामाचे कागद जी-ड्राइव्ह नावाच्या एका साठ्यावर ठेवले जात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीपासून आग लागली आणि तो साठा जळाला. ८५८ टेराबाइट माहिती होती. साठा फार मोठा आणि संथ म्हणून त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. मोठा आहे म्हणून प्रत नाही, असे आपण घरातल्या तिजोरीबद्दल कधी म्हणत नाही. मोठे असेल तर भाग पाडावेत, जुने बांधून ठेवावे, नव्यावर नजर ठेवावी. पण प्रत हवीच.

त्या पतसंस्थेत आता महिन्याच्या पाच तारखेला मागच्या महिन्याचा रुमाल बांधला जातो. रोज सकाळी एक कर्मचारी वहीत तीन गोष्टी लिहितो. बॅकअप केव्हा संपला, किती फायली झाल्या आणि शेवटची फाइल कोणती. ती वही साधी, पुठ्ठ्याच्या बांधणीची आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, आम्ही सगळे रुमाल दुसऱ्या यंत्रावर सोडून पाहतो आणि घड्याळ लावतो. मावशींचा बोजा तेव्हाच उतरला, त्यांच्या पेटीतल्या पावतीच्या जोरावर. पण पावती जपून न ठेवलेल्या काही खातेदारांना पुढे कितीतरी दिवस हेलपाटे घालावे लागले. त्यांच्यापुढे मला मान वर करून बोलता आले नाही.

तुमच्या कार्यालयात, दुकानात, शाळेत किंवा संस्थेत असा एखादा सर्व्हर असेल, तर बॅकअप आहे का, असे विचारू नका. हो असेच उत्तर येईल. मीही तेच दिले असते. काल संध्याकाळी स्कॅन केलेली शेवटची पावती बॅकअपमधून काढून दाखवा, असे सांगा. ती पाच मिनिटांत समोर आली तर निर्धास्त राहा. नाही आली, तर पावसाळ्याची वाट पाहू नका.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)